पन्नास ओहमचे उत्तर : नॅनोव्हीएनए आणि प्रयोगवहीतील एका प्रयोगाची चिकित्सा

ट्रान्समिशन लाइनचा कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्स मोजण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा या सत्रात करणार असाल. प्रयोगवहीत त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ४९.६, ५०.२, फार तर ५१. इतक्या वर्षांत तपासलेल्या वह्यांमध्ये ७० किंवा २०० असे उत्तर लिहिलेली वही मला क्वचितच दिसली. आणि प्रयोगाच्या टेबलावरची जोडणी पाहिली, तर खरे म्हणजे पन्नास हे उत्तर यायलाच नको होते. मग ते आले कुठून? केबलच्या आवरणावर छापलेले असते, तिथून.

मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. जी रीत शिकवली जाते ती नीट पाळली तर उत्तर चुकते आणि चुकलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत. मग छापील आकडा उतरवून घेणे हाच शहाणपणा ठरतो. आता हातात मावणारे, काही हजार रुपयांचे नॅनोव्हीएनए प्रयोगशाळेत आले आहे आणि ‘जुना प्रश्न सुटला’ असे सगळे म्हणू लागले आहेत. तो सुटलेला नाही. यंत्र चांगले आहे, पण ते कुठे चांगले आहे आणि कुठे नाही हे पडद्यावर लिहिलेले नसते. या टिपणात आधी जुन्या रीतीची आणि मग या नव्या यंत्राची चिकित्सा करू.

जुनी रीत अशी. केबलचा तुकडा घ्या, दूरचे टोक उघडे ठेवून इम्पीडन्स मोजा, मग ते शॉर्ट करून मोजा, दोन्हींचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. सूत्र निर्दोष आहे. कोणत्याही लांबीला, कोणत्याही फ्रिक्वेन्सीला लागू पडते. घोटाळा होतो तो मोजणी १ किलोहर्ट्झवर केल्याने, कारण प्रयोगशाळेतला एलसीआर मीटर किंवा ब्रिज तेवढ्यावरच चालतो. आरजी-५८ ही नेहमीची केबल घ्या. तिची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड आणि इंडक्टन्स मीटरला सुमारे ०.२५ मायक्रोहेन्री. मधली तार आणि जाळी मिळून रेझिस्टन्स मीटरला ५० मिलिओहम धरा. १ किलोहर्ट्झवर त्या इंडक्टन्सचा रिॲक्टन्स किती? मीटरला १.५७ मिलिओहम. म्हणजे रेझिस्टन्स त्याच्या बत्तीसपट. दोन मीटरच्या तुकड्यात मोजायची इंडक्टन्स तीन मिलिओहमची आणि तिच्या डोक्यावर शंभर मिलिओहमचा रेझिस्टन्स. मीटरच्या चिमट्यांचा संपर्कच एवढा असतो.

पण समजा, तुमच्याकडे आदर्श मीटर आहे. तरीही पन्नास येणार नाही. कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्सच्या पूर्ण सूत्रात अंशस्थानी रेझिस्टन्स आणि इंडक्टिव्ह रिॲक्टन्स दोन्ही असतात. ‘इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्सचे वर्गमूळ’ हे सुटसुटीत रूप रेझिस्टन्स नगण्य असेल तेव्हाच मिळते. वरचे आकडे पूर्ण सूत्रात घालून पाहा. १ किलोहर्ट्झवर आरजी-५८ चा कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्स सुमारे २८० ओहम येतो आणि त्याचा कोन जवळपास वजा ४४ अंश. पन्नास ओहमची केबल म्हणून विकत आणलेली वस्तू त्या फ्रिक्वेन्सीला पन्नासची नाहीच. रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स ३२ किलोहर्ट्झच्या आसपास बरोबरीला येतात आणि त्याच्या बरेच वर गेल्यावर केबल आपल्या छापील आकड्याला जागू लागते. टेलिफोनच्या तारांचे दुखणे नेमके हेच होते, आणि हेविसाइडने १८८७ मध्ये मांडलेली विकृतीरहित लाइनची अट याच रेझिस्टन्स-इंडक्टन्सच्या असमतोलावर बोट ठेवते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याने १ किलोहर्ट्झवर मोजून २६० किंवा ३०० लिहिले, त्याला काट मारणाऱ्याने आधी हे गणित करून पाहायला हवे होते.

आता यंत्राकडे. मूळ रचना जपानमधल्या, एडी५५५ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अभियंत्याची, २०१६ च्या सुमाराची, आणि आराखडे सर्वांना खुले. २०१९ मध्ये चीनमधून तिच्या सुधारित प्रती बाजारात आल्या आणि जगभर पसरल्या. आत फारसे काही गूढ नाही : एसआय-५३५१ हा क्लॉक जनरेटर, रेझिस्टरचा ब्रिज, तीन एसए-६१२ मिक्सर, आणि मिक्सरमधून खाली आलेला काही किलोहर्ट्झचा सिग्नल वाचणारा ऑडिओ कोडेक. म्हणजे गाणी वाजवणाऱ्या उपकरणात असते तशा चिपवर आपण रेडिओ फ्रिक्वेन्सीची मोजणी करतो. पहिल्या मॉडेलची व्याप्ती ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ सांगितली जाते. त्यातला ३०० मेगाहर्ट्झपर्यंतचा भाग मूळ सिग्नलवर चालतो आणि वरचा हार्मोनिकवर. हार्मोनिक दुबळा असतो, म्हणून वर जाताना मोजणी गोंगाटात बुडू लागते. (१९७५-७६ च्या साइट प्रयोगात आपल्याकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायपूर गटातील गावांमध्ये, जाळीच्या ताटल्यांवर उपग्रहाचा सिग्नल घेतला जात होता तो ८६० मेगाहर्ट्झचा. बरोबर तिथेच हे पहिले मॉडेल सर्वात कमजोर आहे.) आपल्या प्रयोगाला मात्र इतके वर जायची गरज नाही. केबल मोजायला १ ते ५० मेगाहर्ट्झ पुष्कळ.

इथेच पहिली सर्वसाधारण चूक होते. पट्टा ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ ठेवून एकदा कॅलिब्रेशन केले जाते आणि मग दिवसभर तेच वापरले जाते. या मॉडेलमध्ये १०१ बिंदू असतात. ९०० मेगाहर्ट्झ भागिले १००, म्हणजे दर ९ मेगाहर्ट्झला एक बिंदू. तुम्हाला १२ मेगाहर्ट्झवर काय चालले आहे ते हवे आहे आणि यंत्राने मोजले आहे ९ वर आणि १८ वर. मधला भाग पडद्यावर सरळ रेषेने जोडून दिलेला असतो आणि ती रेषा मोजणीसारखीच दिसते. तेव्हा आधी पट्टा ठरवा, १ ते ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे दर अर्ध्या मेगाहर्ट्झला एक बिंदू येईल, कॅलिब्रेशन त्याच्यानंतर.

नॅनोव्हीएनए इम्पीडन्स मोजत नाही, हे लक्षात ठेवा. ते रिफ्लेक्शन कोएफिशंट मोजते (याला पुढे आपण गॅमा म्हणू) आणि त्यावरून इम्पीडन्सचा हिशोब करते : ५० गुणिले (१ + गॅमा) भागिले (१ − गॅमा). गॅमात थोडी चूक असली तर इम्पीडन्समध्ये किती उतरेल? सूत्राचे अवकलन करून पाहा. दोन ओळींचे काम आहे. इम्पीडन्समधली सापेक्ष चूक येते २ × गॅमातली चूक ÷ |१ − गॅमाचा वर्ग|. हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या यंत्राच्या सगळ्या गुणदोषांची किल्ली त्यात आहे.

समजा गॅमातली चूक ०.०१ आहे. इम्पीडन्स बरोबर ५० ओहम असेल तर गॅमा शून्य, आणि सापेक्ष चूक २ टक्के. ५ ओहम असेल तर ६ टक्के. १००० ओहम असेल तर ११ टक्के. आता शुद्ध रिॲक्टन्स घ्या, ५० ओहमचा. गॅमाचे मान १ आणि कोन ९० अंश, त्याचा वर्ग वजा १, छेद २. चूक फक्त १ टक्का! मध्यबिंदूपेक्षाही कमी. स्मिथ चार्टच्या कडेवर अगदी वरचा आणि अगदी खालचा बिंदू, ही या यंत्राची सर्वात भरवशाची ठिकाणे. डावे आणि उजवे टोक, म्हणजे शॉर्ट आणि ओपन, ही सर्वात बेभरवशाची.

आता आठवा, ओपन-शॉर्टची रीत बहुतेक जण नव्या यंत्रावर कशी वापरतात. लांबीच्या चौथ्या हिश्शाचा, म्हणजे पाव तरंगलांबीचा अनुनाद शोधतात, कारण तो पडद्यावर ठळक दिसतो. दोन मीटर आरजी-५८, वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, म्हणजे पाव तरंगलांबी २४.७५ मेगाहर्ट्झला. तिथे उघड्या टोकाची केबल जवळजवळ शॉर्ट दिसते आणि शॉर्ट केलेली केबल जवळजवळ ओपन. केबलचा लॉस धरून आकडे काढले तर एक वाचन ओहमपेक्षाही कमी, ०.८ च्या आसपास, आणि दुसरे ३००० ओहमच्या. गुणाकार २५०० च्या जवळ येतो हे खरे, कागदावर. पण वरच्या सूत्राने दोन्ही वाचनांत ०.०१ च्या चुकीपायी तीस-तीस टक्क्यांची चूक शिरते. कधी कधी रेझिस्टन्स ऋण दिसतो. मग विद्यार्थी मला विचारतो, “सर, केबल ऊर्जा देते आहे का?” केबल काही देत नाही, यंत्राला जे नीट वाचता येत नाही ते आपण त्याला वाचायला लावले आहे.

उलट, फार खाली उतरलात तरी तोच प्रकार. १ मेगाहर्ट्झवर या तुकड्याची लांबी तरंगाच्या हिशोबात अवघी ३.६ अंश. शॉर्टचे वाचन ३ ओहमच्या आसपास, ओपनचे ७८७. दोन्हींत आठ-आठ टक्के चूक.

मग मोजायचे कुठे? अर्ध्या वाटेवर. तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाला उघड्या टोकाची केबल वजा रिॲक्टन्स दाखवते, शॉर्ट केलेली अधिक, आणि दोन्हींचे मान एकच : खुद्द कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्स. पन्नासच्या केबलसाठी ही दोन ठिकाणे स्मिथ चार्टच्या बरोबर वरच्या आणि खालच्या टोकाला पडतात, म्हणजे जिथे यंत्र सर्वात भरवशाचे आहे तिथेच. आणि ती फ्रिक्वेन्सी आधी माहीत असण्याचीही गरज नाही. ओपनचे आणि शॉर्टचे रिॲक्टन्स तक्त्यात शेजारी-शेजारी लिहा. चिन्ह सोडून जिथे ते सारखे होतात तीच फ्रिक्वेन्सी आणि तेच उत्तर. पुढे आठव्या हिश्शाच्या तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सीला पुन्हा तीच भेट होते, चिन्हे उलटसुलट होऊन. आपल्या तुकड्यासाठी १२.४, ३७.१ आणि ६१.९ मेगाहर्ट्झ. तिसरे हवे असेल तर पट्टा तेवढा वाढवून पुन्हा कॅलिब्रेशन करा. तिन्ही ठिकाणी उत्तर जुळले तर ते मान्य करा. नाही जुळले तर टोक नीट शॉर्ट झाले आहे का ते आधी पाहा. मगरचिमट्याचा शॉर्ट चालणार नाही, जाळी गोळा करून मधल्या तारेला सोल्डर केलेला हवा.

एक हिशोब करून पाहू. १२.४ मेगाहर्ट्झवर ओपनचे वाचन वजा ४९ ओहम आणि शॉर्टचे अधिक ५२ आले असे समजा. वाचने सारखी नाहीत, म्हणून प्रयोग बिघडला असे नाही. तुम्ही आठव्या हिश्शाच्या जरासे पुढे आहात इतकेच. गुणाकार २५४८, वर्गमूळ ५०.५. आता भागाकार करा : ५२ भागिले ४९, त्याचे वर्गमूळ १.०३०, ही लांबीच्या कोनाची टॅन्जंट. कोन ४५.८५ अंश. दोन मीटरला ४५.८५ अंश म्हणजे पूर्ण तरंगाला १५.७ मीटर; मोकळ्या हवेत या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी २४.२ मीटर, भागाकार ०.६५. भरीव पॉलिथीनच्या केबलसाठी अपेक्षित वेग ०.६६ च्या आसपास. त्याच दोन आकड्यांतून इम्पीडन्स आणि वेग दोन्ही निघाले, आणि वेग हा इम्पीडन्सच्या उत्तराचा साक्षीदार झाला. छापील पन्नास उतरवणाऱ्याला हा वेग कुठून आणायचा ते समजत नाही, म्हणून मी वहीत तो मागतो.

या रीतीची आणखी एक खुबी आहे. एसएमएवरून बीएनसीवर जायला लावलेला ॲडॉप्टर कॅलिब्रेशनच्या पुढे राहिला, तर लांबी थोडी वाढते आणि ओपन-शॉर्टची वाचने सरकतात. तीन सेंटिमीटरला दोन टक्के फरक पडू शकतो. पण एक वाढते तेव्हा दुसरे तेवढ्याच प्रमाणात घटते आणि गुणाकार जागेवर राहतो, ॲडॉप्टर केबलच्याच इम्पीडन्सचा असेल तर. एकटे ओपनचे वाचन घेऊन उत्तर सांगणाऱ्याला ही सूट मिळत नाही.

हौशी मंडळींची लाडकी रीत वेगळी. केबलच्या दूरच्या टोकाला २०० ओहमचा प्रिसेट लावायचा आणि यंत्राकडे बघत फिरवत बसायचे. स्मिथ चार्टवरचे वर्तुळ आक्रसत जाऊन ठिपका होतो, आणि ते दिसायला फार सुंदर असते. वर्गात दाखवायला मी ही रीत अवश्य वापरतो. पण तिच्यात एक खड्डा आहे. विद्यार्थी ठिपका चार्टच्या मध्यावर आणायचा प्रयत्न करतात. चार्टचा मध्य हा यंत्राचा पन्नास आहे, केबलचा इम्पीडन्स नाही. टीव्हीची ७५ ओहमची केबल लावली आणि शेवट ७५ ने केला, तर ठिपका मध्याच्या उजवीकडे, ७५ वर बसतो आणि फ्रिक्वेन्सी बदलली तरी तिथून हलत नाही. न हलणे ही खूण. मध्याच्या हट्टापायी एका गटाने ७५ ची केबल ‘सुमारे ५३ ओहम’ म्हणून लिहून आणली होती. केबल पाव तरंगलांबीच्या दुप्पट पडत होती, तिथे ती टोकाचा रेझिस्टर जसाच्या तसा दाखवते. त्यांनी फार काळजीपूर्वक प्रिसेट मोजला होता. शिवाय तार गुंडाळलेला व्हेरिएबल रेझिस्टर घेऊ नका, ती कॉइलच असते. आणि कार्बनच्या प्रिसेटचे पायही आखूड ठेवा. दोन सेंटिमीटरच्या पायांची २० नॅनोहेन्री १२ मेगाहर्ट्झला दीड ओहम, पण १०० मेगाहर्ट्झला साडेबारा ओहम होते.

सुपेल्याच्या बाजारात मिळते ती आरजी-६, म्हणजे ताटलीच्या टीव्हीची केबल, मोजायची असेल तर मला तिसरी रीत सर्वात पसंत आहे. दूरच्या टोकाला कॅलिब्रेशनचीच ५० ओहमची टोपी लावा. पाव तरंगलांबीला इम्पीडन्स सर्वात मोठा आणि शुद्ध रेझिस्टिव्ह होतो : केबलच्या इम्पीडन्सचा वर्ग भागिले ५०. केबल ७५ ची असेल तर ११२.५ ओहम. फोमची केबल, वेग ०.८३ धरला, लांबी दोन मीटर, तर हे ३१ मेगाहर्ट्झच्या जवळ दिसेल. वाचन ११० आले तर केबल ७४.२ ची, ११५ आले तर ७५.८ ची. वर्गमुळामुळे वाचनातली चूक उत्तरात निम्मी होते, आणि ११२ ओहमचा प्रदेश यंत्राला सोपा आहे. शॉर्ट सोल्डर करण्याची कटकटही नाही.

आता त्या टोपीबद्दल. इथे मी यंत्राच्या जाहिरातदारांशी सहमत नाही. कॅलिब्रेशनमध्ये ओपन, शॉर्ट आणि लोड अशा तीन गोष्टी लावतो, आणि लोड लावल्यावर यंत्र ‘हे ५० ओहम’ असे मानून घेते. ते खरोखर ५० आहेत का? स्वस्त संचात आलेली टोपी ४९ ची असू शकते, ५१ ची असू शकते. ५१ ची असेल तर पुढची प्रत्येक मोजणी दोन टक्क्यांनी कमी दिसेल. खरी ५१ ची केबल बरोबर पन्नास दाखवील आणि आपण खूश होऊ. हा दोष ओपन-शॉर्टच्या गुणाकाराने जात नाही, पाव तरंगलांबीने जात नाही, शंभर वेळा मोजून सरासरी काढल्याने तर मुळीच जात नाही. कारण आपण सगळा वेळ केबलची तुलना त्या टोपीशी करत असतो. उपाय मात्र साधा आहे. चांगल्या मल्टिमीटरने टोपीचा डीसी रेझिस्टन्स मोजा, आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो दशांश दिसतो तो वजा करा. टोपी ५०.६ निघाली तर शेवटच्या उत्तराला ५०.६ ने गुणून ५० ने भागा. काही मेगाहर्ट्झपर्यंतच काय, आपल्या पूर्ण पट्ट्यात ही दुरुस्ती पुरते. लाखो रुपयांच्या व्हीएनएबरोबर कॅलिब्रेशन संच प्रमाणपत्रासह येतो. त्या किमतीचा एक मोठा भाग या एका टोपीवरच्या विश्वासाचा असतो.

टीडीआरबद्दल थोडक्यात. यंत्र फ्रिक्वेन्सीची मोजणी उलटी फिरवून अंतराचा आलेख दाखवते आणि त्यावर इम्पीडन्सची पट्टीही असते. पूर्ण ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्याला आरजी-५८ मध्ये त्याची बारीक नजर ११ सेंटिमीटरची आणि पल्ला ११ मीटरचा. केबल कुठे चेपली आहे, जोड कुठे बिघडला आहे हे शोधायला उत्तम. इम्पीडन्सचा आकडा त्यावरून वाचून वहीत लिहू नका.

दोनतारी लाइन मोजताना हे यंत्र खरे अडखळते. जुन्या अँटेनांची चपटी ३०० ओहमची तार अजून कुणाच्या माळ्यावर असेल, आणि लॅनच्या केबलमधली पिळलेली जोडी तर सगळीकडे आहे, १०० ओहमची. आठव्या हिश्शाला ३०० ओहमचा रिॲक्टन्स वाचताना वरच्या सूत्राने चूक ३ टक्क्यांवर जाते, ते एक वेळ चालेल. पण दोन्ही तारा समान मानाच्या आणि यंत्राचे एक टोक त्याच्या अंगाशी जोडलेले, हा मूळ विसंवाद आहे. तारेजवळ हात नेला की वाचन हलते. यूएसबीने लॅपटॉपला जोडले की आणखी हलते, कारण आता लॅपटॉप आणि त्याची वायरही अँटेना झाली. यंत्र बॅटरीवर चालवा, तार टेबलापासून उंच, लाकडी आधारावर ताणून धरा, मध्ये चांगला बॅलन घाला आणि कॅलिब्रेशन बॅलनच्या पुढच्या बाजूला करा. एवढे करूनही हात जवळ नेल्यावर आकडा हलत असेल, तर वहीत तेच लिहा. लॅनच्या जोडीला प्रमाणाने १०० ओहमच्या दोन्ही बाजूंना १५ ओहमची मुभा दिलेली आहे. तुमचे ९१ चुकीचे असेलच असे नाही.

शेवटी एक गोंधळ, जो भिलाईत दरवर्षी होतो, कारण इथले निम्मे विद्यार्थी विजेच्या ‘ट्रान्समिशन लाइन’ बघत मोठे झालेले असतात. भिलाईहून नागपूरजवळच्या कोराडीकडे जाते ती ४०० केव्हीची लाइनही ट्रान्समिशन लाइनच, आणि तिलाही कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्स आहे. तिकडे त्याला सर्ज इम्पीडन्स म्हणतात. दुहेरी ‘मूस’ कंडक्टरच्या ४०० केव्ही लाइनला तो ३१० ओहमच्या आसपास येतो. ४०० केव्हीचा वर्ग भागिले ३१०, म्हणजे सुमारे ५१५ मेगावॉट, हे तिचे सर्ज इम्पीडन्स लोडिंग. तेवढ्या भारावर लाइन स्वतःची रिॲक्टिव्ह पॉवर स्वतःच भागवते. आता गंमत बघा. ५० हर्ट्झ ही १ किलोहर्ट्झच्या वीसपट खालची फ्रिक्वेन्सी. तिथे तर इम्पीडन्स आणखी बिघडायला हवा. पण या लाइनचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.०३ ओहम आणि रिॲक्टन्स ०.३३ ओहम, रिॲक्टन्स अकरापट मोठा. आरजी-५८ मध्ये १ किलोहर्ट्झला हे प्रमाण बत्तीसपटीने उलटे होते. म्हणून जाड ॲल्युमिनियमच्या लाइनला ५० हर्ट्झवरही सुटसुटीत सूत्र चालते, आणि बारीक केबलला १ किलोहर्ट्झवर चालत नाही. फ्रिक्वेन्सी कमी की जास्त हा प्रश्नच नाही. रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स यांतले कोण मोठे, तेवढे पाहा.

“मग सर, नॅनोव्हीएनए त्या लाइनला लावता येईल का?” हा प्रश्न येतोच. नाही. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६००० किलोमीटर, तिचा आठवा हिस्सा ७५० किलोमीटर, आणि यंत्र सुरूच होते ५० किलोहर्ट्झला. पण हे कारण दुय्यम. बंद केलेल्या लाइनवरही शेजारच्या चालू सर्किटमुळे प्राणघातक दाब चढलेला असतो. तिच्याजवळ जाण्याचा परवाना, अर्थिंग आणि रीत वीज कंपनीच्या प्रशिक्षित माणसांची. या प्रयोगाची हद्द टेबलावरची दोन मीटर केबल.

तर या सत्रात वही आणाल तेव्हा तिच्यात एवढे असू द्या : टोपीचा मोजलेला रेझिस्टन्स, कॅलिब्रेशनचा पट्टा, ओपन आणि शॉर्टची वाचने निदान तीन फ्रिक्वेन्सींना, त्यातून निघालेला इम्पीडन्स आणि वेग, आणि हात जवळ नेल्यावर आकडा किती हलला ते. ५२.३ आले असेल तर ५२.३ लिहा. गुण त्याच्या शेजारच्या ओळीला आहेत, जिथे तुम्ही सांगाल की यातले किती केबलचे, किती टोपीचे आणि किती तुमच्या सोल्डरचे.